गवताची परीक्षा

कुडझू ही आशियातली वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून अमेरिकेत पोहोचली, ती शोभेसाठी. १९३०च्या दशकात तिथे धुळीच्या वादळांनी माती उडवून नेली, पावसानं उतार धुऊन काढले, आणि १९३५ मध्ये मृदसंधारणाचं सरकारी खातं उभं राहिलं. या खात्याला कुडझू भलतीच आवडली. झपाट्यानं वाढते, उघडी जमीन झाकते, वर नत्रही पुरवते. पैकीच्या पैकी गुण! पुढे तिनं झाडं, विजेचे खांब, पडकी घरं सगळंच झाकायला घेतलं, तेव्हा १९५३ मध्ये तिला शिफारशीच्या यादीतून काढलं.

माती धरून ठेवायला वनस्पती निवडताना जोमदार वाढ हा एकच निकष लावला की असं होतं. अमेरिकेतली मूळची गवतं तर या निकषावर सुरुवातीला नापासच होतात. बिग ब्लूस्टेमसारखं प्रेअरीतलं, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतलं गवत पहिल्या वर्षी वर फारसं दिसत नाही, तणच जास्त दिसतं. ते तेव्हा मुळं खाली सोडत असतं, पुढे दोन मीटरांहूनही खोल जाणारी. म्हणून कोणतं बी आपल्या जागी टिकतं ते कळायला एकाच जातीचं बी निरनिराळ्या ठिकाणांहून आणून शेजारीशेजारी लावायचं आणि काही वर्षं नुसतं पाहत राहायचं.

यातही फसगत होते. स्विचग्रास हेही प्रेअरीतलंच गवत. दक्षिणेकडचं स्विचग्रास उत्तरेत लावलं तर ते स्थानिक गवतापेक्षा हिरवंगार, उंच दिसतं. पण त्याचं फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. उत्तरेतल्या उन्हाळ्याचे लांब दिवस पाहून ते फुलायचं लांबवतं, आणि बी पिकण्याआधीच हिमतुषार त्याला गाठतात. वाफ्यातलं सर्वांत देखणं गवत ते हेच!

बियाण्याचा हिशेबही वेगळाच. कुसळं आणि लव असलेलं बी पेरणी यंत्रात अडकतं. कितीतरी बी सुप्तावस्थेत असतं, ओल्या थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय उगवत नाही. शुद्धता (पोत्यात खरं बी किती) ८० टक्के आणि उगवण ६० टक्के असेल, तर १०० किलोच्या पोत्यात कामाचं बी ४८ किलोच.

कोणतं काम, हे आधी ठरवावं लागतं. ओढ्याकाठी वाळुंजाची नुसती फांदी खोचली तरी मूळ धरते. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर अमेरिकन बीचग्रास लावतात. वाळूनं गाडलं की ते आणखी वर येतं, नवी मुळं फोडतं आणि वाळू धरून ठेवतं. नवी वाळू यायची थांबली की त्याचा जोम ओसरतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्या वनस्पती शिरू लागतात.