गटात नाव आहे, मग परवानगी का नाही?

काही दिवसांपूर्वी एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातलेल्या संगणकांवर अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे सॉफ्टवेअर बसवून देण्यासाठी गेलो होतो. सॉफ्टवेअर विनातक्रार बसले, मुलांनी दिवा लुकलुकवण्याचा छोटा प्रोग्राम लिहिला, वायरने बोर्ड जोडला आणि अपलोडचे बटण दाबताच पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश उमटला. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी उपाय आधीच शोधून ठेवला होता: वापरकर्त्याला ‘डायलआउट’ या गटात घालायचे. त्यांनी आज्ञा अचूक दिली, गटांच्या यादीत नाव दिसूही लागले, तरीही बोर्ड काही उघडेना. शेवटी संगणक बंद करून चालू केला आणि दिवा लुकलुकला. ‘लिनक्सलाही शेवटी रीस्टार्टच लागतो,’ असा निष्कर्ष सर्वांनी काढला. उपाय लागू पडला हे खरे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे पाहू लागलो की लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनला त्या युनिक्सच्या रचनेतील एका अतिशय सुंदर कल्पनेपाशी आपण पोहोचतो.

लिनक्समध्ये जोडलेले उपकरणसुद्धा फाइलच्या रूपात दिसते. स्वस्तातल्या सीएच३४० चिपचा बोर्ड जोडला की ‘डेव्ह’ या डिरेक्टरीत ‘टीटीवाययूएसबी०’ नावाची फाइल तयार होते. प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वेगवेगळ्या परवानग्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असे आकडे धरून त्यांची बेरीज मांडतात. आपल्या बोर्डाच्या फाइलीवर ६६० असते, म्हणजे मालक असलेल्या रूटला (संगणकाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला) ६, डायलआउट गटाला ६ आणि इतरांना शून्य. मोडेमने टेलिफोन लावून दुसऱ्या संगणकाशी जोडून घेण्याच्या काळातले हे नाव डेबियन आणि उबुंटूमध्ये अजून टिकून आहे. आर्च लिनक्समध्ये त्याच कामासाठी ‘यूयूसीपी’ हा गट असतो.

आता मुख्य प्रश्न. बाईंचे नाव डायलआउट गटात होते, गटाला परवानगी होती, मग नकार दिला कोणी आणि कशाच्या आधारावर?

नकार देतो तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. हा कर्नल नावे मुळीच ओळखत नाही; त्याला केवळ आकडे कळतात. डेबियन आणि उबुंटूत डायलआउट म्हणजे २०, सुडो हा व्यवस्थापकांचा गट म्हणजे २७, आणि संगणकावर तयार केलेला पहिला माणूस बहुधा १०००. गटाच्या कोणत्या आकड्याचे नाव काय आणि कोणत्या गटात कोण, हे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘ग्रुप’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असते, आणि फाइल उघडायची परवानगी ठरवताना कर्नल त्या यादीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो पाहतो ते फक्त फाइल उघडू मागणाऱ्या प्रोसेसकडे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामकडे. प्रत्येक प्रोसेसच्या अंगावर तिचा वापरकर्ता क्रमांक आणि तिच्या सर्व गटांचे क्रमांक कोरलेले असतात. वापरकर्ता क्रमांक फाइलीच्या मालकाचा निघाला तर मालकाची परवानगी लागू होते. नाही तर गटांच्या क्रमांकांत फाइलीचा गट आहे का ते पाहिले जाते. तोही नसेल तर इतरांची. हा क्रम इतका काटेकोर आहे की मालकाला शून्य आणि इतरांना ६ असे लिहिले, तर इतर सर्वांना उघडणारी फाइल मालकाला मात्र नाकारली जाते.

मग हे क्रमांक प्रोसेसच्या अंगावर येतात कुठून? तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तो तपासणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालत असतो. पासवर्ड जुळल्यावर तो ग्रुपची फाइल एकदा वाचतो, तुमच्या सर्व गटांचे क्रमांक गोळा करतो, ‘सेटग्रुप्स’ ही हाक कर्नलला देऊन ते स्वतःच्या अंगावर चढवतो, आणि त्यानंतर रूटपण सोडून तुमचा १००० हा क्रमांक धारण करतो. हा क्रम उलटवून चालत नाही, कारण रूटपण गेल्यावर गट बदलण्याचा अधिकारही जातो. तसे नसते तर कोणत्याही प्रोग्रामने स्वतःला हव्या त्या गटात घुसवून घेतले असते. इथून पुढे तुमचा डेस्कटॉप, त्यातून उघडलेले टर्मिनल (आज्ञा लिहिण्याची खिडकी), टर्मिनलमधून चालवलेला प्रोग्राम, हे सारे एकाच वंशाचे. नवी प्रोसेस ‘फोर्क’ या हाकेने जन्मते आणि जन्मतः तिला आईच्या क्रमांकांची हुबेहूब प्रत मिळते.

तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदला गेला, म्हणून तुमच्या कपाटातल्या जुन्या सातबाऱ्यावर नवे नाव आपोआप उमटत नाही; नवा उतारा काढावा लागतो. लॉगिन करणे म्हणजे नवा उतारा काढणे, आणि कर्नल हा फक्त हातातला उतारा पाहणारा अधिकारी आहे. प्रयोगशाळेत सर्व प्रोसेस सकाळच्या उताऱ्यावर चालल्या होत्या, आणि नोंद झाली होती दुपारी.

हे डोळ्यांनी पाहता येते. टर्मिनलमध्ये नुसते ‘आयडी’ असे लिहिले की त्या प्रोसेसच्या अंगावरचे गट दिसतात. ‘आयडी’ आणि पुढे आपले वापरकर्तानाव लिहिले की यादीतली नोंद दिसते. बाईंच्या संगणकावर पहिल्या उत्तरात ४, २४, २७, ३०, ४६ असे क्रमांक होते, आणि दुसऱ्या उत्तरात त्यांच्या जोडीला २० होता. दोन ओळींतला तो एका आकड्याचा फरक हेच संपूर्ण निदान होते, आणि त्यासाठी रीस्टार्ट नव्हे, तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणे पुरेसे होते.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एखाद्याला गटातून काढले तरी त्याच्या चालू प्रोसेसच्या अंगावरचा क्रमांक पुसला जात नाही. त्याही पुढे, परवानगी फाइल उघडण्याच्या क्षणी तपासली जाते, त्यामुळे एकदा उघडलेली फाइल नंतर परवानगी काढून घेतली तरी त्या प्रोसेसला वाचता येत राहते.

जुन्या युनिक्समध्ये प्रोसेसला एका वेळी एकच गट असे आणि गट बदलायला ‘न्यूग्रप’ ही आज्ञा द्यावी लागे. अनेक गट एकाच वेळी बाळगण्याची सोय १९८३च्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने आणली. लिनक्समध्ये त्याची मर्यादा आधी ३२ होती, २.६.४ या आवृत्तीपासून ती ६५,५३६ झाली. न्यूग्रप आजही आहे: ‘न्यूग्रप डायलआउट’ लिहिले की नव्या गटासह एक नवे शेल, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, उघडते, परंतु त्याचा लाभ त्या शेलला आणि त्याच्या वंशजांनाच मिळतो.

कधी कधी लॉगआउट करूनही काम होत नाही, आणि तेव्हा वंशावळ नीट तपासावी लागते. टीमक्स (टर्मिनलची सत्रे पाठीमागे चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांचा सर्व्हर लॉगआउटनंतरही बहुधा जिवंत राहतो, आणि पुन्हा जोडलेल्या खिडक्या त्याच्याच पोटच्या असल्यामुळे जुनेच गट घेऊन येतात. ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर बरेच प्रोग्राम प्रत्येक वापरकर्त्यासाठी चालणाऱ्या सिस्टमडीच्या (प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) व्यवस्थापकाच्या पोटी जन्मतात, आणि हा व्यवस्थापक साधारणपणे त्या वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपल्यावरच थांबतो. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमार्गे, केलेले एखादे लॉगिन उघडे राहिले असेल, तर हा व्यवस्थापक जुन्या यादीसह चालूच राहतो. ‘प्रोक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. तिच्यातील ‘ग्रुप्स’ची ओळ पाहिली की शंका उरत नाही. अशा वेळी रीस्टार्टने काम होते ते सगळी वंशावळच नव्याने सुरू होते म्हणून.

हे माहीत नसल्यामुळे जे तोडगे पसरले आहेत, त्यांना मी अंधश्रद्धाच म्हणेन. त्यातला पहिला म्हणजे ‘७७७ करून टाका,’ म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या द्या. बोर्डाच्या फाइलीवर तो करून पाहा: वायर काढून पुन्हा जोडली की फाइल नव्याने तयार होते आणि परवानगी पुन्हा ६६० होते. हाच मंत्र कोणी संपूर्ण संगणकावर म्हटला, तर रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवून देणाऱ्या ‘सुडो’ या प्रोग्रामवरचा सेट-यूआयडी बिट, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण, पुसला जातो आणि सुडो चालणेच बंद होते. एसएसएचही सर्वांना उघडी झालेली खासगी किल्ली वापरायला नकार देते. दुसरा तोडगा म्हणजे सर्व काही सुडो लावून चालवणे. खिडक्यांचा एखादा प्रोग्राम असा चालवला, तर घरच्या डिरेक्टरीतील ‘.एक्सऑथॉरिटी’सारख्या फाइलीची मालकी रूटकडे जाऊ शकते, आणि मग अचूक पासवर्ड टाकूनही पडदा क्षणभर काळा होऊन लॉगिनची चौकट परत येते. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करावे आणि ‘चओन’ या आज्ञेने ती फाइल स्वतःच्या नावावर करून घ्यावी.

गटात नाव घालण्याच्या आज्ञेतही एक खोल खड्डा आहे. ‘यूजरमॉड -एजी’ यातला ‘ए’ म्हणजे आहे त्यात भर घाला. तो ‘ए’ विसरला, तर नवा गट मिळतो आणि बाकीचे जोडगट, त्यांत सुडोही, यादीतून जातात. पुढच्या लॉगिननंतर माणूस स्वतःच्याच संगणकावर व्यवस्थापक उरत नाही, आणि रिकव्हरी मोडमध्ये शिरून रूटच्या शेलमधून ते दुरुस्त करावे लागते. मात्र चूक त्याच क्षणी लक्षात आली असेल, तर लॉगआउट करू नये आणि ते टर्मिनल बंदही करू नये. परंपरागत सुडो स्वतःला बोलावणाऱ्याचे गट साधारणपणे कर्नलकडूनच घेतो, आणि त्या टर्मिनलच्या अंगावर २७ हा क्रमांक अजून शाबूत असतो. तिथूनच ‘सुडो यूजरमॉड -एजी सुडो’ आणि पुढे आपले नाव लिहिले की सुडो यादीत परत येतो, आणि बाकीचे गट जुन्या ‘आयडी’च्या ओळीत पाहून एकेक करून घालता येतात.