कुंपणाआधीचा नदीकाठ

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या ओढ्याचा उभा तासलेला काठ जवळून पाहिला, तर बारीक, फिकट तपकिरी गाळाची माणसाएवढी उंच भिंत दिसते. तिच्या पायथ्याशी काळ्या मातीचा पातळसा पट्टा आणि त्याखाली खडी. वळणं घेत जाणारं एकच पात्र आणि दोन्ही बाजूंना असे उंच काठ, हेच निरोगी ओढ्याचं रूप असं भूशास्त्रज्ञ कित्येक दशकं मानत आले. बिघडलेल्या ओढ्यांची दुरुस्तीही याच नमुन्याबरहुकूम होत होती.

२००८ साली रॉबर्ट वॉल्टर आणि डॉरथी मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की हा नमुना निसर्गाचा नव्हेच, तो पाणचक्क्यांचा आहे. १८४०च्या जनगणनेत अमेरिकेच्या पूर्व भागात ६५ हजारांहून अधिक पाणचक्क्या नोंदल्या गेल्या होत्या. चक्की म्हटली की बंधारा आला. त्याच काळात शेतीसाठी डोंगरउतारांवरची जंगलं तुटत होती. तिथली माती वाहून येऊन बंधाऱ्यांमागे साचत गेली. पुढे चक्क्या बंद पडल्या, बंधारे फुटले आणि पाण्याने त्या गाळातूनच खोल चर कापला. म्हणजे ज्याला सगळे नदीचा काठ समजत होते, तो चक्कीच्या तळ्याचा तळ होता!

मूळची जमीन त्या काळ्या पट्ट्यात दडलेली होती. त्यात लव्हाळ्याच्या कुळातल्या पाणवनस्पतींचं बी सापडलं. इथे पूर्वी पाणथळ कुरणं होती आणि त्यांतून लहानलहान फाट्यांनी पाणी पसरत असे. उंच काठ नव्हतेच. बिग स्प्रिंग रन या ओढ्यावर २०११ मध्ये काठांवर झाडं लावत न बसता वरचा गाळच उपसून नेला. दुरुस्ती म्हणून हजारो टन माती खोदून काढायची, हे ऐकायला विचित्रच वाटतं.

गाळ निदान डोळ्यांना दिसतो. खताचं तसं नाही. नदीकाठची शेती संरक्षित क्षेत्रात घेतली, चर बुजवले, पाणी पुन्हा पसरू दिलं, की वर्षभरात पाणपक्षी आणि कमळं येतील अशी अपेक्षा असते. येतं बहुधा हिरवंगार शेवाळ. कारण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. वर्षानुवर्षं घातलेल्या खतातलं न वापरलेलं स्फुरद मातीतल्या लोहाला घट्ट चिकटून राहतं. जमीन हवेशीर असेपर्यंत ते जागचं हलत नाही. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी लोहाचा वापर करू लागतात. त्यात लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेलं स्फुरद पाण्यात मोकळं होतं. मग शेवाळाची चंगळ, आणि जमिनीवर दोन-चार दांडगी गवतं बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. उपाय दोनच: दरवर्षी गवत कापून बाहेर नेत राहायचं, ज्याला दशकं लागतात, नाहीतर वरची माती खरवडून काढायची.

आणि वाट पाहत बसलं तर? ईशान्य फ्रान्समधल्या एका जंगलात रोमन काळातल्या वस्त्यांचे अवशेष आहेत. तिथली शेती सुटून पंधराशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या जागांवर मातीत स्फुरद आजही जास्त भरतं आणि उगवणाऱ्या वनस्पतीही वेगळ्या आहेत.

नेदरलँड्समध्ये वाल नदीच्या, म्हणजे ऱ्हाईनच्या एका फाट्याच्या, पूरमैदानात, नायमेखन शहराजवळ, मिलिंगरवार्ड नावाचं क्षेत्र आहे. इथे शेती होती, वीटभट्ट्या होत्या. गेल्या शतकाच्या शेवटी ते निसर्गासाठी मोकळं करताना भट्टीवाल्यांना हाकललं नाही, उलट त्यांच्याकडूनच काम करून घेतलं. पुरांनी आणून टाकलेली चिकणमाती त्यांनी विटांसाठी काढायची, पण एकसारखा खड्डा खणायचा नाही. खालची वाळू जशी वर-खाली होते, तसतसं तिच्या अंगाने जायचं. चिकणमाती निघाली आणि नदीचे बुजलेले जुने फाटे उघडे पडले. पूरमैदानातली वरची माती काढणं नेहमीच सोपं नसतं, कारण विसाव्या शतकात ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या कारखान्यांमधून आलेलं जस्त, शिसं, कॅडमियम या गाळात थराथराने बसलेलं आहे. कुठला थर कधीचा, हे ओळखायला अणुचाचण्यांमधून जगभर पसरलेलं किरणोत्सारी सिझियम उपयोगी पडतं. ते १९६३च्या आसपासच्या थरात सर्वांत जास्त असतं. एका प्रदूषणाची तारीख दुसऱ्या प्रदूषणाने सांगावी, हा योग मात्र खासच. आज तिथे कोनिक घोडे आणि गॅलोवे गाई मोकाट चरतात, आणि त्या परिसरात १९९४पासून पुन्हा आणून सोडलेले बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारे प्राणीही आहेत.

इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठी, नॉटिंगहॅमजवळ, ॲटनबरो इथे १९२९पासून खडी काढत होते. १९६६ साली तिथे निसर्ग राखीव क्षेत्र झालं, डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते. गावाचं नाव आणि त्यांचं आडनाव एकच. खडीच्या खाणींत पाणी भरून तळी झाली, काठांवर बोरूची बेटं वाढली, हिवाळ्यात बदकांचे थवे उतरू लागले. खाणीआधी इथे तळी नव्हती, ओलसर कुरणं आणि शेतं होती. पेनसिल्व्हेनियातला न्याय इथे लावायचा, तर ही तळी बुजवून टाकायला हवीत. तसं कुणी सुचवत नाही. बदकांना ती खाणीची म्हणून काही अडचण नाही.