जॉन स्ट्रोजर शिकागोचे महापौर नव्हते

शिकागोच्या कृष्णवर्णीय नेत्यांचा विषय निघाला की हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या पाठोपाठ जॉन स्ट्रोजर यांचं नाव येतं, आणि तिथेच घोळ सुरू होतो. कुणी त्यांना माजी महापौर करून टाकतं, कुणी महापौरांच्या हाताखालचे अधिकारी. दोन्ही चूक. वॉशिंग्टन 1983 पासून 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौर होते. स्ट्रोजर 1970 मध्ये कुक काउंटी बोर्डावर, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या काउंटीच्या कारभारी मंडळावर, निवडून आले, 1994 मध्ये त्या बोर्डाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि 2006 पर्यंत तिथेच राहिले. महापौरपद त्यांनी कधी भूषवलंच नाही.

महापौर म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की शिकागोचा महापौर आपल्याकडच्यासारखा फीत कापणारा नसतो. आपल्याकडे आयुक्तांकडे असतात ते बहुतेक अधिकार तिथे त्याच्या हातात असतात. पोलीसप्रमुखापासून खात्याखात्याचे प्रमुख तो नेमतो.

काउंटीचं तसं नाही. मराठी वाचक काउंटी म्हटलं की मनात जिल्हा परिषद धरतो, म्हणजे शहर वगळून उरलेला भाग. कुक काउंटीत शिकागो अख्खं आत आहे (विमानतळाकडचा एक तुकडा सोडला तर). काउंटीच्या पन्नास लाखांवर वस्तीतले निम्म्याहून जास्त लोक शिकागोचेच, आणि ते महापौरालाही मत देतात आणि बोर्डाच्या अध्यक्षालाही. शाम्बर्ग या काउंटीतल्या पण शहराबाहेरच्या उपनगरातलं मराठी कुटुंब अध्यक्षाला मत देतं, महापौराला नाही. नेपरव्हिलमधलं दोघांनाही नाही, कारण ते गाव कुक काउंटीतच येत नाही. ‘आम्ही शिकागोत असतो’ म्हणणाऱ्या निम्म्या मंडळींना हे ठाऊक नसतं, पण ते जाऊ दे.

गोंधळात भर घालायला इमारतसुद्धा एकच आहे. शिकागोच्या मध्यवस्तीत एक चौकच्या चौक व्यापणारी, उंच दगडी खांबांची वास्तू. लासाल स्ट्रीटच्या बाजूने शिरलात तर महापालिका, क्लार्क स्ट्रीटच्या बाजूने शिरलात तर काउंटी.

आता खरी मेख. अध्यक्ष म्हणजे काउंटीचा महापौर, असं धरून लोक पुढे जातात आणि तिथेच फसतात. महापौराची ताकद नेमणुकांत असते. काउंटीत नेमणुका करायला जागाच कमी, कारण शेरिफ, सरकारी वकील, खजिनदार, मालमत्तांचं मूल्य ठरवणारा असेसर, सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. ते अध्यक्षाचे नोकर नाहीत आणि अध्यक्ष त्यांना काढू शकत नाही. अध्यक्षाच्या हाती असतो तो अर्थसंकल्प. तो अध्यक्ष मांडतो, बोर्डाचे 17 सदस्य त्यावर मत देतात, आणि या सगळ्या निवडून आलेल्या मंडळींना पैशासाठी तिथेच यावं लागतं.

एका माणसाच्या अटकेवरून बघा. शिकागोच्या रस्त्यावर त्याला पकडतात शहराचे पोलीस. त्यांचा प्रमुख महापौराने नेमलेला. तिथून पुढे काउंटी लागते. त्याला ठेवतात 26वा रस्ता आणि कॅलिफोर्निया अव्हेन्यूच्या तुरुंगात, जो शेरिफ चालवतो. (मुंबईच्या नगरपालाची शोभेची खुर्ची इथे डोळ्यांपुढे आणू नका. या शेरिफकडे पिस्तूल असतं आणि हजारो कैदी.) खटला भरतो निवडून आलेला सरकारी वकील. वकील परवडत नसेल तर बचाव करतो पब्लिक डिफेंडर, आणि या साखळीत अध्यक्षाने बोर्डाच्या संमतीने नेमलेला हा एकच. तुरुंगाचा, खटला भरणाऱ्याचा आणि बचाव करणाऱ्याचा खर्च मात्र एकाच अर्थसंकल्पातून जातो. त्यामुळे तुरुंगात काही बिघडलं की लोक अध्यक्षाला शिव्या घालतात, किंवा त्याहून पुढे जाऊन महापौराला. रिचर्ड एम. डेली 1989 मध्ये महापौर होण्याआधी काउंटीचे सरकारी वकील होते. तेव्हा ते बोर्डाच्या अध्यक्षाच्या हाताखाली नव्हते आणि महापौरांच्याही नाही.

स्ट्रोजर यांची कारकीर्द ही रचना कळल्याशिवाय कळत नाही. 1929 मध्ये अर्कान्सासमधल्या हेलेना इथे जन्म, पन्नाशीच्या दशकात शिकागो, काउंटीच्या तुरुंगात कर्मचारी विभागाची नोकरी, रात्री अभ्यास करून 1965 मध्ये कायद्याची पदवी. 1968 पासून आठव्या वॉर्डात डेमोक्रॅटिक पक्षाचे कमिटीमन. हेही नीट घ्या: कमिटीमन हे पक्षाचं पद, नगरसेवकपद वेगळं. स्ट्रोजर पक्षयंत्रणेत मुरलेला माणूस. 1980 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवारीसाठी ते वॉशिंग्टन यांच्याविरुद्ध लढले आणि हरले. 1983 मध्ये महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी ती) तर त्यांनी वॉशिंग्टन यांना सोडून डेलींना पाठिंबा दिला. कृष्णवर्णीय वस्त्यांत हे अनेकांना झोंबलं. वॉशिंग्टन आणि स्ट्रोजर यांना एका माळेत ओवणाऱ्यांनी हे वर्ष एकदा वाचावं. एक यंत्रणेविरुद्ध जिंकला, दुसरा यंत्रणेत राहून वर चढला. माझ्या मते दुसरी वाट कमी प्रतीची नाही, फक्त तिच्यावर पुतळे कमी उभे राहतात.

पुतळा नाही, पण इस्पितळ आहे. कुक काउंटीत ज्याच्याकडे विमा नाही, पैसा नाही, तो उपचाराला काउंटीच्या दारात येतो. स्ट्रोजर यांच्या काळात ही इस्पितळं थेट अध्यक्षाच्या अखत्यारीत होती. स्वतंत्र मंडळ आलं 2008 मध्ये. म्हणजे जिथे अध्यक्षाचा शब्द खरोखर चालायचा ती ही जागा, आणि त्यांनी जोर तिथेच लावला. शल्यविशारद डॅनियल हेल विल्यम्स यांनी 1891 मध्ये उभारलेलं प्रॉव्हिडंट हे कृष्णवर्णीयांचं इस्पितळ 1987 मध्ये बंद पडलं. काउंटीने ते घेऊन 1993 मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत स्ट्रोजर पुढे होते. मग 1914 च्या जुनाट इमारतीतल्या काउंटी हॉस्पिटलच्या जागी 464 खाटांचं नवं इस्पितळ डिसेंबर 2002 मध्ये उघडलं. त्याला नाव दिलं जॉन एच. स्ट्रोजर, अध्यक्ष खुर्चीत असतानाच. हयात पदाधिकाऱ्याचं नाव त्याच्याच खात्याच्या इमारतीला देऊ नये हे माझं ठाम मत, मग माणूस कितीही कामाचा असो.

शेवटही काउंटीच्याच रीतीने झाला. 14 मार्च 2006 ला त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आठवड्याने प्राथमिक निवडणूक होती, ती ते जिंकले. पुढे त्यांनी माघार घेतली तेव्हा उमेदवार निवडला पक्षाच्या कमिटीमननी, आणि निवड पडली मुलावर, टॉड यांच्यावर. टॉड तोवर आठव्या वॉर्डाचे नगरसेवक, म्हणजे लासालच्या बाजूचे. ते निवडून आले, आणि 2008 मध्ये काउंटीचा विक्रीकर 0.75 टक्क्यांवरून 1.75 झाला. शहरातल्या दुकानात एकूण कर 10.25 टक्क्यांवर गेला. पावतीवर सगळा कर एकत्र छापलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला काउंटीचा वाटा वेगळा दिसत नाही. पण तो वाढवला टॉड स्ट्रोजर यांच्या काउंटीने, महापौरांनी नव्हे. 2010 च्या प्राथमिक निवडणुकीत टॉड हरले आणि टोनी प्रेकविंकल आल्या. त्याच प्रेकविंकल 2019 मध्ये महापौरपदासाठी उभ्या राहिल्या, लोरी लाइटफूट यांच्याकडून सपाटून हरल्या आणि अध्यक्षपदावर कायम राहिल्या. पद गेलं का, असं तेव्हा विचारणारे बरेच होते. जाणार कसं? हरल्या त्या दुसऱ्याच निवडणुकीत.