मर्दन चिकित्सा

त्वचा, स्नायू, कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे तंतुमय पट्टे) व त्यांभोवतीची आवरणे यांवर हातांनी पद्धतशीर दाब व घर्षण देऊन केलेला उपचार. मालिश, मसाज, चोळणे, रगडणे हे शब्द व्यवहारात रूढ आहेत.

इतिहास : चरकसंहिता व सुश्रुतसंहितेत अभ्यंग दिनचर्येचा भाग म्हणून येतो. सुश्रुतसंहितेवरील टीकाग्रंथात (भाष्यात) डल्हणाने (सु. बारावे शतक) तेल रोमकूपांपर्यंत (केसांच्या मुळांपर्यंत) पोहोचण्यास 300 मात्रा (मात्रा हे कालमापनाचे प्राचीन एकक) व पुढे टप्प्याटप्प्याने मज्जेपर्यंत 900 मात्रा असा हिशेब दिला आहे. मात्रेचे आजच्या सेकंदांत रूपांतर कसे करावे याबाबत एकवाक्यता नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात, मर्दनाने सैल सांधा आवळता येतो व ताठर सांधा मोकळा करता येतो, असे विधान आहे.

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘स्वीडिश’ पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. ते स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग (1776–1839) यांना देण्याचा प्रघात पडला. लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था काढली हे निर्विवाद आहे. मात्र त्यांचा भर वैद्यकीय व्यायामावर होता आणि मर्दन हा त्याचा एक लहान घटक होता. लांब हाताने चोळणे (एफ्लराझ), मळणे (पेत्रिसाझ), घर्षण व थापटणे (तापोतमां) ही फ्रेंच नावांची वर्गवारी डच वैद्य योहान गेऑर्ग मेत्सगर (1838–1909) व त्यांच्या शिष्यवर्गाकडे जाते. मेत्सगर यांचा 1868 चा प्रबंध मुरगळलेल्या घोट्याच्या घर्षणोपचारावर होता. त्यांनी स्वतः फारसे लेखन केले नाही, त्यामुळे श्रेय दुसरीकडे वळले असावे. उपलब्ध पुराव्याचा कल मेत्सगर यांच्या बाजूने दिसतो.

मेत्सगर यांच्या प्रभावातील जर्मन शल्यचिकित्सक फोन मोझेनगाइल यांनी 1870 च्या दशकात सशांच्या सांध्यांत काळी शाई टोचून एका बाजूस मर्दन केले. त्या बाजूची शाई लसीकावाहिन्यांतून (ऊतकांतील जादा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतून) वाहून गेली. मर्दन न केलेल्या सांध्यात ती तशीच राहिली. प्रयोग नेटका होता, पण त्यातून ‘मर्दनाने शरीरातील मळ धुऊन निघतो’ ही व्यापक कल्पना बळावली. तिचा विचार पुढे केला आहे.

उपचारापूर्वी : या टप्प्यातील चौकशी ही खरे तर उपचाराचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजा अस्थिभंग अथवा शस्त्रक्रिया, हाडांची ठिसूळता, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, कर्करोग व तेलांची अ‍ॅलर्जी यांची माहिती आधीच द्यावी. पायातील खोल नीलेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, तर त्या पायाला हात लावू नये; गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते. भरपेट जेवणानंतर लगेच मर्दन टाळतात. अष्टांगहृदयातही अजीर्ण झालेल्यास अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. कपडे किती काढायचे हे उपचार घेणाऱ्याने ठरवायचे असते, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकलेले असावे.

उपचार चालू असताना : एक बैठक साधारणतः 30 ते 90 मिनिटांची असते. सुरुवात हलक्या, लांब हाताने होते. ऊतके सैलावली की दाब वाढवतात. दुखऱ्या जागी ‘बरे वाटणारे दुखणे’ जाणवू शकते. पण श्वास रोखला जात असेल किंवा स्नायू आपोआप आखडत असेल, तर दाब जास्त झाला असे समजावे. सहन केल्याने गुण वाढतो हा समज चुकीचा आहे. डोळा लागणे, पोटात गुडगुडणे, क्वचित डोळ्यांत पाणी येणे हे अस्वाभाविक नाही. दाब कमी करा, ही जागा सोडा, थांबा असे कोणत्याही क्षणी सांगता येते, आणि ते ऐकलेच गेले पाहिजे.

उपचारानंतर : एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते, आधी कुशीवर वळून, थोडे बसून मग उभे राहावे. एक-दोन दिवस अंग किंचित दुखणे नेहमीचे आहे. ‘विषारी द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी’ भरपूर पाणी प्यावे असा सल्ला सर्रास दिला जातो, त्यास आधार नाही. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट (स्नायूंत तयार होणारे एक द्रव्य) मर्दनाविनाही सुमारे तासाभरात पूर्वपातळीवर येते, आणि नंतरच्या दिवसांतील अंगदुखी त्यामुळे नसतेच. तहानेपुरते पाणी पुरते. आराम वाटण्याचे स्पष्टीकरण आता मुख्यतः चेतासंस्थेत शोधले जाते.

कंबरदुखीवर मर्दनाने अल्पकाळ आराम पडल्याचे आढळते; मात्र 2015 च्या कॉक्रन आढाव्याने (वैद्यकीय संशोधनाचा पद्धतशीर आढावा) या पुराव्याची प्रत कमी ते अत्यंत कमी ठरवली. लसीकासूजेसाठी (लसीका साचून येणाऱ्या सूजेसाठी) वापरले जाणारे अतिशय हलक्या हाताचे मर्दन हे वेगळे तंत्र असून ते 1930 च्या दशकात एमिल फोडर यांनी रूढ केले.

वाढत जाणारी वेदना, मोठे काळेनिळे डाग, हातापायांत बधिरपणा, पोटरीची सूज, धाप लागणे किंवा मानेच्या मर्दनानंतर अचानक तीव्र डोकेदुखी उद्भवल्यास पुढील बैठकीची वाट न पाहता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.