झुकणारी तीनचाकी स्कूटर

पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, तरीही वळणावर दुचाकीसारखी कलणारी स्कूटर. आपल्याकडे तीनचाकी म्हटले की रिक्षा आठवते. तिची रचना नेमकी उलटी, पुढे एक आणि मागे दोन चाके, शिवाय ती कलत नाही. गंमत म्हणजे बारामतीत आपे रिक्षा बनवणाऱ्या पियाजिओ या इटालियन कंपनीनेच २००६ मध्ये ‘एमपी३’ आणून हा प्रकार युरोपातील शहरांत रुजवला.

दुचाकीवर खरी धास्ती असते ती पुढच्या चाकाची. मागचे चाक घसरले तर अनेकदा सावरता येते. पुढचे घसरले की माणूस खालीच. ओले दगडी फरस, ट्रामचे रूळ, झेब्रा क्रॉसिंगचे गुळगुळीत पट्टे या जागा त्यासाठी बदनाम आहेत. एमपी३मध्ये पुढची चाके चार आडव्या दांड्यांच्या चौकटीने जोडलेली असतात. गाडी कलली की चौकट तिरपी होते आणि दोन्ही चाके सोबत कलतात. एक टायर रुळावर निसटला तरी दुसऱ्याची पकड शिल्लक राहते. जोरात ब्रेक दाबतानाही हा फरक जाणवतो.

दुसरी सोय सिग्नलवरची. वेग अगदी कमी झाला की हँडलवरचे बटण दाबून कलणे ‘लॉक’ करता येते. गाडी सरळ उभी राहते, पाय टेकावा लागत नाही. ॲक्सिलरेटर पिळला की लॉक आपोआप सुटतो. मात्र लॉक फक्त कलणे थांबवतो, चाके फिरणे नव्हे. उतारावर हँडब्रेक लावलाच पाहिजे. गाडी तिरपी असताना लॉक केले, तर ती तिरपीच अडकते.

पॅरिसमध्ये ही स्कूटर इतकी दिसते त्याचे मोठे कारण मात्र सुरक्षितता नसून लायसन्स आहे. पुढच्या चाकांमधले अंतर किमान ४६० मिलिमीटर असेल, तर कायद्याने ती ट्रायसिकल ठरते आणि मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. मूळ एमपी३मध्ये हे अंतर कमी होते. म्हणून कंपनीने ‘एलटी’ ही रुंद आवृत्ती काढली. २०११ पासून फ्रान्समध्ये अशा चालकांना सात तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. सुटाबुटातले, कधी गिअरची बाईक न चालवलेले नोकरदार या वाटेने आले.

तिसऱ्या चाकाची किंमतही आहे. मोठी मॉडेल्स २०० किलोंच्या पुढे जातात, टायरचा खर्च वाढतो, आणि बाजूने मोटारीने ठोकरले तर जादा चाक काहीच कामाचे नाही. २०१४ मधली १२५ सीसीची यामाहा ट्रायसिटी बरीच हलकी होती, पण तिला लॉक नव्हता. पाय टेकावाच लागे. २०२० च्या ट्रायसिटी ३०० मध्ये ती सोय आली.

भारतात दिव्यांग चालकांसाठी मागे दोन्ही बाजूंना जादा चाके बसवलेल्या स्कूटर दिसतात, त्या या प्रकारात मोडत नाहीत. त्या कलत नाहीत, त्यामुळे वळणाआधी वेग चांगलाच कमी करावा लागतो.