बिअर-शैलींचे वर्गीकरण

बिअर-शैली म्हणजे बिअरची जात. ती धान्य, यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी), हॉप्स (एका वेलीची कडवट फुले), पाणी आणि बनवण्याची रीत यांवरून ठरते आणि वास, चव, कडवटपणा, दाटपणा, रंग व अल्कोहोल यांवरून ओळखली जाते. सोलापूरच्या परमिट रूममध्ये मात्र वेटर एकच प्रश्न विचारतो: 'माइल्ड का स्ट्राँग?' हा भेद अबकारी खात्याचा आहे. महाराष्ट्रात ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग धरली जाते. त्यावरून कर किती बसला ते कळते, जात कळत नाही. दोन्ही बाटल्यांत बहुतेक वेळा फिकी लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअरच असते.

दुसरा गैरसमज रंगाचा. काळी बिअर म्हणजे कडक, असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात आयरिश स्टाउट डांबरासारखी काळी दिसते, पण तिच्यात अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्केच असते. उलट बेल्जियमची सोनेरी स्ट्राँग एल (उबेत आंबवलेली बिअर) गवताच्या काडीइतकी फिकी असून ८-१० टक्क्यांपर्यंत जाते. बिअरचा काळेपणा करपेपर्यंत भाजलेल्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून येतो. इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने १८१७ साली माल्ट भाजण्याच्या ड्रमचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूठभर काळ्या माल्टने पिंपभर बिअर रंगवता येऊ लागली. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याचेही तेच आहे. खोबरे किती भाजले यावर आमटीचा रंग ठरतो, तिखटपणा मिरचीवर.

वर्गीकरणाचा खरा पहिला फाटा यीस्टवर फुटतो. एलचे यीस्ट १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करते, आंबताना फेसाबरोबर वर येते आणि फळांसारखे वास सोडते. लागरचे यीस्ट ७ ते १३ अंशांच्या गारठ्यात सावकाश आंबवते, तळाशी बसते आणि वासाचा फारसा पसारा मागे ठेवत नाही. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. ही बिअर पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरत ठेवतात. हे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज नेहमीचे एलचे यीस्ट, तर थंडी सोसणारा दुसरा पूर्वज २०११ साली दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडला.

जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, कारण उष्णतेत ती नासायची. म्हणून मार्चमध्येच जरा जड बिअर करून तळघरात ठेवत. मेर्झेन म्हणजे 'मार्चची' हे नाव त्यातूनच आले. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रे आली आणि लागरला ऋतूचे बंधन उरले नाही. मे महिन्यात चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरात लागरची बाटली मिळते ती या यंत्रांच्याच कृपेने.

एल-लागर ही भिंत तशी पक्की नाही. जर्मनीतल्या कोलोन शहराची क्योल्श एलच्या यीस्टने आंबवून लागरसारखी थंडीत मुरवतात. कॅलिफोर्नियातल्या स्टीम बिअरमध्ये उलटे: यीस्ट लागरचे, पण आंबवणे उबेत. अशा बिअरी कुठल्या खणात टाकायच्या, यावर जाणकारही वाद घालतात.

यीस्ट ओळखायला नाक पुरते. बव्हेरियन गव्हाची बिअर ग्लासात ओतली की जाड पांढरा फेस उभा राहतो आणि त्याखाली बिअर गढूळ दिसते. नाक जवळ नेले की आधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. पिंपात ना केळे पडलेले असते ना लवंग. हे दोन्ही वास यीस्टने तयार केलेले असतात, आणि केळ्याचा वास देणारा आयसोअमाइल ॲसिटेट हा पदार्थ खऱ्या केळ्यातही असतो. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. लोण्यासारखा वास आला तर तो डायअसेटिलचा. पिल्सनर या सोनेरी लागरच्या चेक प्रकारात तो थोडासा चालतो, जर्मन पिल्सनरमध्ये दोष मानतात.

कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. तो आयबीयू या एककात मोजतात. गव्हाच्या बिअरचा आकडा ८ ते १५ असतो, जर्मन पिल्सनरचा २२ ते ४०, अमेरिकन आयपीएचा (इंडिया पेल एल) ४० ते ७०. पण आकडा म्हणजे जिभेचा अनुभव नव्हे. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ४० चा कडवटपणाही जाणवत नाही.

पाण्याचे महत्त्व सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. चेक देशातल्या पिल्सेन गावचे पाणी फार मऊ. तिथे १८४२ साली योजेफ ग्रोलने केलेल्या सोनेरी लागरमधून पिल्सनर ही जात निघाली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम हा क्षार जास्त, त्यात हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो. बर्टनची पेल एल हिंदुस्थानात विकून मोठी झाली आणि इंडिया पेल एल म्हणजे आयपीए हे नाव रूढ झाले. त्या नावात इंडिया आहे तो गिऱ्हाईक म्हणून. साहित्य सगळे तिकडचे. ती खास बोटीच्या प्रवासासाठी शोधून काढली, ही गोष्ट ऐकायला छान असली तरी खरी धरू नये. त्याच बोटींतून पोर्टर ही काळी बिअरही भरपूर येत होती.

शैलींच्या आजच्या याद्या अलीकडच्या आहेत. इंग्रज लेखक मायकल जॅक्सन (गायक नव्हे) याने १९७७ च्या आपल्या पुस्तकात जगभरच्या बिअरींची शैलीनुसार मांडणी केली. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत ३४ गट आहेत. ही यादी स्पर्धेत गुण देण्यासाठी केलेली आहे. ती निसर्गातली वर्गवारी समजून वाचली की घोटाळा होतो. काही नावांना गावाचे संरक्षणही आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तसे युरोपात क्योल्शला आहे.

यादीत ज्वारीचे स्थान कोपऱ्यात आहे. आफ्रिकेत मात्र ज्वारीची बिअर जुनी. दक्षिण आफ्रिकेतली उम्कोम्बोथी मका आणि ज्वारीच्या माल्टपासून करतात. ती गढूळ, दाट, आंबट असते, तिच्यात हॉप्स नसतात आणि ती आंबत असतानाच पितात. तिचा आंबटपणा लॅक्टिक जिवाणूंचा, म्हणजे आपल्या आंबिलीचाच. आंबिलीची गाडी अल्कोहोलपर्यंत जात नाही एवढाच फरक. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी लागरही ज्वारी-मक्यावर काढून दाखवली. काम सोपे नव्हते. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो आणि त्याची साखर करणारी विकरे ज्वारीच्या माल्टमध्ये कमी पडतात. मोडही खुडून टाकावे लागतात. कोवळ्या ज्वारीने जनावरे दगावतात ते ज्या विषाने, ते मोडांतही असते. उद्या मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची बिअर कुणी बीजेसीपीच्या स्पर्धेत उतरवली, तर ती गट ३१ मधल्या 'पर्यायी धान्याची बिअर' या पोटगटात जाईल. तिथे कोणते धान्य वापरले ते अर्जात लिहावे लागते.