लॉगिनचा कोड अ‍ॅपपासून वेगळा कसा झाला

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या भक्तनिवासाची आरक्षण प्रणाली गेल्या वर्षी आमच्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा पासवर्ड तपासण्याच्या त्याच त्या ओळी सात वेगवेगळ्या फायलींत उतरवलेल्या आढळल्या आणि साठवलेले पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीच्या हॅशच्या (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या सांकेतिक अक्षरमालेच्या) रूपात होते, तेही सॉल्टविना, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळी यादृच्छिक अक्षरे न जोडता. आज ऑथेंटिकेशन लायब्ररी, म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटवणारा तयार कोड, सहज मिळत असताना हे घडते, म्हणून त्या लायब्ररींमागचा इतिहास सांगणे मला आवश्यक वाटते.

संगणकावर पासवर्ड आला तो एमआयटीतील सीटीएसएस या, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या प्रणालीबरोबर. १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले प्रात्यक्षिक झाले. पुढे १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल होऊन, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादीच उमटली. यादी उघडी ठेवू नये, हा धडा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने घेतला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात एकेरी फलन (पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड नाही) आणि सॉल्ट यांची मांडणी केली.

तरीही एक अडचण उरली. लॉगिन, एसयू (दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने काम करण्यासाठी), एफटीपी (फायली पाठवण्यासाठी) असा प्रत्येक प्रोग्राम पासवर्ड स्वतःच तपासत असे. त्यामुळे शॅडो फाइल (हॅश फक्त प्रशासकाला वाचता येईल अशा फायलीत ठेवणे) किंवा कर्बेरॉस (नेटवर्कवरील मध्यवर्ती सर्व्हरकडून ओळख पटवणे) अशी नवी पद्धत आली की हे सगळे प्रोग्राम बदलून पुन्हा कंपाइल करावे लागत. यावरचा उपाय सन मायक्रोसिस्टिम्समधील विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी १९९५ मध्ये पॅम (प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स) या नावाने मांडला. प्रोग्रामने फक्त ‘या माणसाला आत घेऊ का?’ एवढेच विचारावे. ओळख कशी पटवायची ते प्रशासकाने एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठरवावे, आणि प्रत्यक्ष तपासणी वेगळ्या मॉड्यूलने करावी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पना हीच आहे.

वेब आले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रत्येक संकेतस्थळाने स्वतःचे युजर टेबल आणि स्वतःचा लॉगिन कोड लिहिला. हळूहळू जावामध्ये आज स्प्रिंग सिक्युरिटी म्हणून ओळखली जाणारी लायब्ररी, रेल्स या वेब अ‍ॅप बांधण्याच्या चौकटीसाठी २००९ मध्ये डिव्हाइस आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी २०११ मध्ये पासपोर्ट उपलब्ध झाली. डिव्हाइसमध्ये विसरलेला पासवर्ड बदलणे, चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करणे असे हवे तेवढेच भाग निवडता येतात; पासपोर्टमधील ‘स्ट्रॅटेजी’, म्हणजे लॉगिनच्या एकेका पद्धतीचा सुटा भाग, हे पॅमच्या मॉड्यूलचेच वेबवरील रूप होय. २०१२ मध्ये ओऑथ २.० आणि २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट ही मानके आल्यावर दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करण्याची सोयही याच साच्यात बसली.

लायब्ररी किती बारकावे सांभाळते, हे १९९९ मधील बीक्रिप्ट या पद्धतीच्या हॅशवरून दिसते. त्याच्या ६० अक्षरांत पद्धत, खर्चाचा आकडा (गणना किती वेळा करायची ते ठरवणारा) आणि सॉल्ट हे सर्व लिहिलेले असते; खर्च १२ असेल तर मुख्य आवर्तने ४०९६ (२ चा १२ वा घात) होतात, आणि पुढे तो आकडा वाढवला तरी जुने हॅश तपासता येतात. मात्र बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण व प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. ‘शांतादुर्गा’ एवढ्या एका शब्दालाच ३३ बाइट लागतात. मराठी कळफलकावरून लांब वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याचे वाक्य सुमारे २४ चिन्हांनंतर तपासलेच जात नाही, ही गोष्ट आपल्याकडील विकसकांनी ध्यानात ठेवायला हवी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या वाजवी उपाययोजना न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भक्तनिवासाच्या प्रणालीत आम्ही त्या सात फायलींतील ओळी काढून एकच लायब्ररी जोडली, जुने एमडी५ हॅश तूर्त बीक्रिप्टमध्ये गुंडाळले, म्हणजे त्या हॅशवरच बीक्रिप्ट चालवले, आणि प्रत्येक भाविकाच्या पुढच्या लॉगिनला त्याच्या पासवर्डचा नवा हॅश आपोआप तयार होईल अशी व्यवस्था केली.